चिकटवा, अडकवा की टोचा? पळती गाडी थांबवायच्या पोलिसी साधनांचा हिशेब

75 सेकंद आणि 1.3 मैल. ‘सॅक्रामेंटो काउंटी विरुद्ध लुईस’ या खटल्यातला पाठलाग एवढाच चालला. पुढे मोटारसायकल, मागे पोलिसांची गाडी, वेग ताशी 100 मैलांपर्यंत, म्हणजे 160 किलोमीटर, आणि तोही वस्तीतून. मोटारसायकल पडली. मागच्या गाडीला ब्रेक लागेपर्यंत मागे बसलेला 16 वर्षांचा मुलगा तिच्या धडकेत गेला. 1998 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की इजा करण्याचाच हेतू नसेल तर अशा पाठलागात राज्यघटनेचा भंग होत नाही. कायद्याचं झालं. पण पाठलाग थांबवणारी साधनं विकणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनी त्या खटल्यातून घ्यायचा आकडा वेगळाच आहे: सव्वा मिनिट. तेवढ्या वेळात डिक्कीतून काटेरी पट्टी काढून रस्त्यावर मांडून होत नाही. हेलिकॉप्टरचं इंजिनही गरम होत नाही.

म्हणून इथे प्रत्येक साधनाला दोनच प्रश्न विचारले आहेत. ते वापरण्यासाठी पोलिसाच्या गाडीला पुढच्या गाडीच्या किती जवळ जावं लागतं? आणि एकदा वापरून झालं की मागे सरता येतं का? बाकी पत्रक किती गुळगुळीत आहे, बंपर किती दणकट दिसतो, या गोष्टी नंतरच्या.

सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलने 2024 मध्ये देशभरच्या नोंदी जुळवून हिशेब मांडला, त्यात 2017 ते 2022 या सहा वर्षांत पोलिसांच्या पाठलागांत 3,300 हून जास्त माणसं मेल्याचं निघालं. पळणारे त्यात आहेत, त्यांच्या गाडीत बसलेले आहेत, आणि आपल्या कामाला निघालेले तिऱ्हाईतही आहेत. हे आकडे कमी करायचं सगळ्यात स्वस्त साधन यंत्र नाही, कागद आहे. मायामीच्या काउंटी (म्हणजे जिल्हा) पोलिसांनी 1992 मध्ये नियम केला की फक्त हिंसक गंभीर गुन्ह्यासाठीच पाठलाग करायचा. पुढच्या वर्षी पाठलाग 82 टक्क्यांनी घटले. नेब्रास्कातल्या ओमाहा शहराने 1993 मध्ये उलट केलं, नियम सैल केला, तर पाठलाग 600 टक्क्यांहून जास्त वाढले. जेफ्री अल्पर्ट या अभ्यासकाने हे 1997 मध्ये लिहून ठेवलं आहे आणि आजही या वादात दोन्ही बाजू तेच आकडे काढतात.

तरी लंबक हलत राहतो. वॉशिंग्टन राज्याने 2021 मध्ये पाठलागावर कडक बंधनं घातली आणि 2024 मध्ये सोडवली. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी मार्च 2024 मध्ये पोलिसांना जास्त मोकळीक दिली. त्याच्या काही महिने आधी, 2023 च्या सप्टेंबरात, पोलीस अधिकाऱ्यांच्याच संशोधन मंचाने सांगितलं होतं की हिंसक गुन्हा घडलेला असेल आणि माणूस मोकळा राहिला तर लगेच कुणाच्या जिवावर बेतेल, या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच मागे लागावं. लंबक जितका हलतो तितकी साधनं खपतात. कडक नियम असला की ‘पाठलाग न करता पकडा’ म्हणून विकतात, सैल असला की ‘पाठलाग लवकर संपवा’ म्हणून.

चिकटणारा टॅग

स्टारचेस या कंपनीचा टॅग सोडणारा संच हे या बाजारातलं सगळ्यात हुशारीचं उत्पादन आहे, म्हणून सर्वांत जास्त वेळ त्याच्यावरच. पोलिसांच्या गाडीच्या पुढच्या ग्रिलमागे दोन नळ्यांचा लाँचर बसतो. प्रत्येक नळीत एक टॅग, साधारण शीतपेयाच्या डब्याएवढा: पुढे चिकट पदार्थ लावलेलं मऊ डोकं, आत जीपीएस, मोबाइलचं रेडिओ सर्किट आणि बॅटरी. आतल्या पॅनेलवरून संच सज्ज करायचा, लेझरचा ठिपका पुढच्या गाडीच्या पाठीवर आणायचा, बटण दाबायचं. दाबलेल्या हवेने टॅग सुटतो. त्यानंतर दर काही सेकंदांनी गाडीचा ठिकाणा नियंत्रण कक्षाच्या नकाशावर दिसत राहतो. हा संच 2006 मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांनी चाचणीसाठी घेतल्याची बातमी झाली तेव्हा लोकांना तो खेळण्यातला वाटला होता. तसा तो नाही.

किंमत. सुरुवातीच्या वर्षांत गाडीमागे साधारण 5,000 डॉलर आणि प्रत्येक टॅगमागे साधारण 500 डॉलर असा भाव सांगितला जायचा. 100 गाड्यांच्या ताफ्यात सगळीकडे बसवायचं म्हटलं तर पाच लाख डॉलर, तेही सरावाचे टॅग सोडून. सरावाचे टॅग सोडून चालत नाही, हीच गोम आहे. चालत्या गाडीतून चालत्या गाडीवर नेम धरणं हे वर्गात बसून येत नाही. दोन नळ्या म्हणजे दोनच संधी. पहिली फुकट गेली की दुसरीला हात थरथरतो.

कुठे फसतं ते नीट समजून घ्यावं, कारण पत्रकात ते बारीक अक्षरात असतं. चिकट पदार्थाला कोरडा, स्वच्छ, सपाट पृष्ठभाग हवा. पावसाने निथळणारी डिक्की, धुळीचा थर बसलेला पिकअपचा मागचा फळा, हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठाचा पांढरा लेप चढलेला बंपर, यांवर टॅग आपटतो आणि गळून पडतो. वळणावर पुढच्या गाडीची पाठ तिरकी असते, टॅग कोनात लागतो आणि ठेच लागल्यासारखा उडतो. पिकअपचा मागचा फळा खाली पाडलेला असला तर चिकटवायला जागाच उरत नाही. आणि टॅग चिकटला तरी भुयारी पार्किंगमध्ये, बोगद्यात किंवा मोबाइलचं जाळं नसलेल्या डोंगराळ पट्ट्यात तो मुका.

पण खरा दोष अंतराचा आहे. लाँचरचा पल्ला काही गाड्यांच्या लांबीएवढा. ताशी 60 मैल म्हणजे सेकंदाला 88 फूट. 30 फुटांवरून टॅग सोडायचा तर पुढच्या गाडीत आणि तुमच्यात सेकंदाचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. सावध चालकाचीही ब्रेकवर पाय जाईपर्यंतची वेळ त्याच्या दुप्पट-तिप्पट असते. पुढच्याने करकचून ब्रेक मारला तर मागच्याने ब्रेक दाबला तरी बॉनेट त्याच्या डिक्कीत. म्हणजे मागे राहण्यासाठी घेतलेलं यंत्र वापरताना आधी सगळ्यात जवळ जावं लागतं. हे काही सेकंदांपुरतं असतं, आणि इतर साधनांच्या तुलनेत धोका कमीच, पण तो शून्य नाही.

म्हणून जाणकार खातं टॅग पाठलागात कमी आणि पाठलागाच्या आधी जास्त वापरतं. सिग्नलला थांबलेली, गल्लीत उभी केलेली, बाजूला घ्यायला सांगितल्यावर थांबलेली पण पळण्याच्या बेतात असलेली गाडी. थांबलेल्या गाडीवर नेम चुकत नाही, आणि तो सव्वा मिनिटाचा प्रश्नच उरत नाही. त्यासाठी हातात धरून सोडायचा लाँचरही मिळतो. एकच संच घ्यायला पैसे असतील तर आमचं मत त्या हातातल्याकडे झुकतं: गाडी बदलली की काढून बसवायची कटकट नाही आणि पाळीतल्या कुठल्याही गाडीतून नेता येतो.

इथे मात्र कायद्याचा खड्डा आहे. 2012 च्या ‘अमेरिका विरुद्ध जोन्स’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की गाडीला जीपीएस लावून माग काढणं ही घटनेच्या, विनाकारण झडतीपासून संरक्षण देणाऱ्या, चौथ्या दुरुस्तीच्या अर्थाने झडती आहे. त्या प्रकरणात 28 दिवस माग काढला होता. डोळ्यांसमोर पळणाऱ्या गाडीला टॅग मारणं तातडीच्या प्रसंगात बसवता येतं. पळण्याचा नुसता संशय असलेल्या उभ्या गाडीला मारणं तितकं सोपं नाही. कोणत्या गुन्ह्याला, किती वेळ, वॉरंट कधी काढायचं, टॅग कधी बंद करायचा, हे खात्याच्या लेखी नियमात नसेल तर पहिल्याच खटल्यात वकील संच टेबलावर मांडून फाडेल.

टॅग लागला, पुढे काय? हा भाग प्रशिक्षणात घाईने उरकला जातो आणि नेमका इथेच पैसा वाया जातो. नियंत्रण कक्षाने आधी खात्री करायची की नकाशावरचा ठिपका हलतोय आणि दिसणाऱ्या गाडीच्या वेगानेच हलतोय. ठिपका रस्त्याच्या मधोमध गप्प बसला असेल तर टॅग पडला आहे. ठिपका जुळला की पाठलाग करणाऱ्याने दिवे बंद, भोंगा बंद, पहिल्या वळणावर आत शिरायचं, नुसता वेग कमी करून त्याच रस्त्याने रेंगाळायचं नाही. आरशात दिवे दिसत असेपर्यंत पुढचा पळतच राहतो. बाकी गाड्यांनी ठिपक्याच्या पुढच्या चौकांत सावकाश जमायचं. गाडी थांबली की घाई करायची, कारण टॅग गाडीचा ठिकाणा सांगतो, माणसाचा नाही. दार उघडून पळालेला माणूस नकाशावर दिसत नाही. आणि चाकामागे कोण होतं हे न्यायालयात टॅग सिद्ध करत नाही, त्यासाठी चेहरा दिसेल असं चित्रण लागतंच.

मागे सरल्यावर पुढचा खरंच हळू होतो का? या साऱ्या वादाचा कणा हाच. 2007 च्या ‘स्कॉट विरुद्ध हॅरिस’ खटल्यात जॉर्जियातली गाडी ताशी 55 मैलांच्या मर्यादेत 73 मैलांनी चालली होती, एवढंच मूळ कारण. सहा मिनिटं, जवळजवळ 10 मैल, आणि शेवटी पोलिसाने मागून बंपरने ढकललं. गाडी बांधाखाली गेली, चालकाचे हातपाय कायमचे लुळे पडले. न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी पोलिसाच्या बाजूने निकाल दिला. पाठलाग सोडून का दिला नाही, या प्रश्नावर बहुमताचं उत्तर असं की पोलीस मागे सरले म्हणून तो हळू झाला असता याची खात्री काय, त्याला वाटलं असतं पोलीस दुसऱ्या वाटेने पुढे येतायत. विरोधात गेलेल्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी दाखवून दिलं की गाडीचा नंबर पोलिसांकडे होता, नंतर घरून उचलता आलं असतं. आपल्याकडे म्हणतात ना, हातचं सोडून पळत्याच्या पाठी, ते इथे शब्दशः खरं झालं.

बहुमताची ती शंका तर्क होती, मोजमाप नव्हतं. मोजमाप दोन ठिकाणी आहे. अल्पर्ट आणि सहकाऱ्यांनी पाठलागानंतर तुरुंगात गेलेल्या 146 जणांना विचारलं, तेव्हा 70 टक्क्यांहून जास्त जण म्हणाले की पोलीस मागे पडले असते तर आम्ही वेग कमी केला असता: गावात साधारण दोन चौकांनंतर, महामार्गावर दोन-अडीच मैलांनंतर. आता तुरुंगातला माणूस सोयीचंच बोलणार, ही शंका रास्त आहे. पण टॅग लागलेल्या गाड्यांचा अमेरिकी न्याय खात्याच्या पैशाने झालेला अभ्यास त्याच दिशेला बोट दाखवतो. पोलीस मागे सरल्यावर सरासरी दोन मिनिटांच्या आत गाड्यांचा वेग वेगमर्यादेच्या 10 मैलांच्या आत आला. टॅगची खरी किंमत इथे वसूल होते. तो गाडी थांबवत नाही, मागच्याला थांबायचं धाडस देतो.

अडकणारं जाळं

ग्रॅपलर बंपर हा अ‍ॅरिझोनाच्या पिओरियातल्या लिओनार्ड स्टॉक यांचा शोध. 2016 मध्ये त्याची चित्रफीत इंटरनेटवर फिरली आणि सगळे थक्क झाले. पाहायला खरोखर देखणं आहे: पोलिसांच्या गाडीच्या बंपरमधून दोन दांडे खाली येतात, त्यांच्यामध्ये जाड नायलॉनच्या पट्ट्यांचं जाळं ताणलेलं. ते पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाखाली घालायचं. चाक स्वतःच पट्टी ओढून घेतं, ती चाकाभोवती आणि अक्षाभोवती गुंडाळली जाते, चाक जाम. जाळं दोरखंडाने पोलिसांच्या गाडीला बांधलेलं असतं, त्यामुळे आता ब्रेक मारायचा तो मागच्याने. वाटलं तर दोर सोडूनही देता येतो. गाडी फारशी गिरकी घेत नाही, सरळ रेषेत मरगळत थांबते, आणि हाच याचा मोठा गुण.

अडचण पुन्हा अंतराची, आणि टॅगपेक्षा कितीतरी वाईट. इथे 30 फूट नव्हे, हातभर अंतरावर जावं लागतं, बंपरला बंपर लागेल इतकं, आणि मग नेमक्या एका मागच्या चाकाच्या रेषेत यायचं. पुढच्याने डावी-उजवी करत राहिलं की जाळं दोन चाकांच्या मधून रिकामं निघतं. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीचं मागचं चाक जाम झालं तरी पुढची चाकं ओढत राहतात, टायर फाटेपर्यंत घासत जाते, अशा वेळी दोर सोडणं ही चूक ठरते. एकदा वापरलेलं जाळं गेलं, नवं बसवायचं. भाव याचाही साधारण 5,000 डॉलरच्या घरात सांगितला जायचा, शिवाय गाडीच्या तोंडावर कायमचं लोखंडाचं ओझं.

वस्तीत, मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, सुरुवातीच्या काही सेकंदांत, म्हणजे गाडी अजून पळायचं की थांबायचं या विचारात असताना, हे साधन उत्तम. महामार्गावर 90 मैलांनी चाललेल्या गाडीला यानं पकडायचा आग्रह धरणारं खातं रोगापेक्षा जालीम इलाज विकत घेतंय.

टोचणारी पट्टी

काटेरी पट्टी सगळ्यांत जुनी, सगळ्यांत स्वस्त, काही शे डॉलरची, आणि म्हणून प्रत्येक डिक्कीत. स्टॉप स्टिकसारख्या पट्टीत तीन फुटी त्रिकोणी कांड्या असतात, त्या एका कापडी खोळीत जोडून नऊ फुटांची पट्टी होते, आणि ती ओढायला दोरीची गुंडाळी. आतले खिळे पोकळ असतात, हे महत्त्वाचं. भरीव खिळा टायरमध्ये रुतला की स्वतःच भोक बुजवतो. पोकळ खिळा टायरमध्ये राहतो आणि त्याच्या नळीतून हवा 20 ते 30 सेकंदांत सुटते, टायर फुटत नाही, बसतो. चालकाला सावरायला वेळ मिळतो. एवढं छान सुचलेलं यंत्र.

पण पट्टी मांडणारा माणूस रस्त्याच्या कडेला उभा असतो. 90 मैलांनी येणारी गाडी सेकंदाला 132 फूट खाते. पट्टी टाकायला, आडोशाला जायला पाच सेकंद धरले तर गाडी आधी 660 फुटांवर होती, आणि वळणापलीकडून दिसलेलीही नव्हती. पट्ट्या मांडताना पोलीस मेल्याच्या घटना इतक्या झाल्या की डॅलसने 2012 मध्ये आपल्या पोलिसांना त्या वापरायला मनाई केली. मांडायचा नियम थोडक्यात असा: आधी आडोसा निवडा, पूल, काँक्रीटचा कठडा, जाड झाड, मग पट्टी. स्वतःच्या गाडीचा आडोसा धरायचा नाही, कारण तिलाच धडक बसते. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. पुढची गाडी गेली की पट्टी लगेच ओढून घ्यायची, नाहीतर मागून येणाऱ्या आपल्याच चार गाड्या पंक्चर. आणि मोटारसायकलसमोर पट्टी कधीच नाही, तो सरळ खून होतो.

आणखी एक: टायर बसल्यावर गाडी थांबत नाही, रिमवर ठिणग्या उडवत मैलभर जाते. त्या मैलभरात पाठलाग चालूच ठेवला तर पट्टीने फक्त पळणाऱ्याची पकड कमी केली, वेग नाही.

फुकटचं तंत्र आणि महागडं विमान

पीआयटी, म्हणजे बंपरने गिरकी देण्याचं तंत्र, याला विकत काही घ्यावं लागत नाही म्हणून खात्यांना प्यारं. फेअरफॅक्स काउंटीच्या पोलिसांनी 1980 च्या दशकात ते रुळवलं. वेग जुळवायचा, आपल्या बंपरचा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या चाकामागच्या पत्र्याला हलकेच टेकवायचा, आणि मग स्टिअरिंग झटक्याने आत. मागच्या चाकांची पकड सुटते, गाडी गिरकी घेते. धडक द्यायची नाही, टेकवायचं, यावर प्रशिक्षक घसा कोरडा करतात. पत्र्यावर जरा पुढे टेकलं की दोन्ही गाड्या एकमेकींत अडकून एकत्र जातात. गिरकी संपताच दुसऱ्या-तिसऱ्या गाडीने पुढून-मागून दाबून धरायचं, नाहीतर ती उलट दिशेला निघते.

अनेक खाती याला ताशी 35 मैलांची मर्यादा घालतात, आणि तिच्यामागे साधं गणित आहे: वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. 70 ला दिलेली गिरकी 35 च्या गिरकीची मोठी आवृत्ती नसते, ती वेगळीच गोष्ट असते. उंच एसयूव्ही आणि पिकअप कडेच्या मातीत चाक रुतलं की कोलांटी खातात. त्यात अमेरिकेत 2012 च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या हलक्या गाडीला घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सक्तीची आहे. ती नेमकी गिरकी रोखायलाच बसवलेली. त्यामुळे जुन्या गाड्यांवर शिकलेला हात नव्या गाडीवर फसतो: गाडी अर्धवट वळून सरळ होते, किंवा भलत्याच बाजूला जाते. वॉशिंग्टन पोस्टने 2020 मध्ये मांडलेल्या हिशेबात 2016 पासून या तंत्रामुळे किमान 30 जण मेले होते. हे तंत्र ठेवायचं तर वेगाची मर्यादा नियमात आकड्यानिशी लिहा, ‘परिस्थितीनुसार’ हा शब्द खोडा.

हेलिकॉप्टर याच्या दुसऱ्या टोकाला. वरून पाहणारा माणूस कुणाला चेंगरत नाही, खालच्यांना मागे सरता येतं. अल्पर्ट यांच्या 1998 च्या अभ्यासात बाल्टिमोरमध्ये हेलिकॉप्टर असलेले 83 टक्के आणि मायामीत 91 टक्के पाठलाग अटकेत संपले. आमच्या दोन्ही प्रश्नांना याचं उत्तर पहिल्या नंबरचं. फक्त लॉस एंजेलिसच्या लेखापरीक्षणात 17 हेलिकॉप्टरांचा वर्षाचा खर्च पाच कोटी डॉलरच्या जवळ गेला होता. लहान गावाला हे परवडत नाही, आणि शेजारच्या काउंटीचं हेलिकॉप्टर मागवलं तर ते येईपर्यंत ती 75 सेकंदं दहादा संपतात. ड्रोन ही फट भरतील असं म्हणतात, कॅलिफोर्नियातल्या चुला व्हिस्टाने 2018 पासून छतावरून ड्रोन पाठवायला सुरुवात केली आहे. घटनास्थळ पाहायला ते झकास, पण महामार्गावरच्या गाडीशी शर्यत लावण्याइतका त्यांचा वेग आणि बॅटरी नाही.

मोटारसायकल आणि मोपेडवर मात्र यांतलं जवळजवळ काहीच चालत नाही. लंडनच्या पोलिसांनी 2018 च्या सुमारास खास शिकवलेल्या चालकांकडून मोपेडला गाडीने टेकवून पाडायचा मार्ग धरला. त्यावर तिथे बराच गदारोळ झाला.

सुंठीवाचून खोकला

गंमत म्हणजे दोन्ही प्रश्नांना सर्वांत चांगलं उत्तर देणारी वस्तू पोलिसांच्या दुकानात मिळतच नाही. जनरल मोटर्सच्या ऑनस्टार या वर्गणीवर चालणाऱ्या सेवेत 2009 च्या मॉडेलांपासून चोरीची गाडी दुरून हळू करायची सोय आली. मालक चोरी नोंदवतो, गाडी दिसत असल्याचं आणि रस्ता मोकळा असल्याचं पोलीस कळवतात, मग केंद्रावरून इंजिनची ताकद हळूहळू काढून घेतली जाते. स्टिअरिंग आणि ब्रेक चालू राहतात. ऑक्टोबर 2009 मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हिसेलियात चोरलेल्या टाहो गाडीवर हे पहिल्यांदा वापरलं. कुणी टेकवलं नाही, टोचलं नाही. मर्यादा उघड आहे: त्याच कंपनीची गाडी, चालू वर्गणी, आणि चोरीची तक्रार आधीच झालेली.

त्याहून साधी वस्तू म्हणजे इमोबिलायझर, किल्लीतली चिप नसेल तर इंजिन चालूच न होऊ देणारी. अमेरिकेत विकलेल्या लाखो किया आणि ह्युंदाई गाड्यांत ती नव्हती, त्या कशा चोरायच्या याच्या चित्रफिती पसरल्या, आणि मिलवॉकीसारख्या शहरांत पोरं चोरलेल्या गाड्या उधळू लागली. फेब्रुवारी 2023 मध्ये रस्ता सुरक्षा खात्याने 83 लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर जाहीर केलं तेव्हा या प्रकारात किमान 14 अपघात आणि 8 मृत्यू नोंदले गेले होते. एक स्वस्त सुटा भाग वाचवला आणि त्याचं बिल रस्त्याने फेडलं.

घ्यायला निघालेल्यांसाठी

नियम नसताना यंत्र आणणं म्हणजे पाया नसताना कळस चढवणं. टॅग घ्यायचाच तर आधी लेखी ठरवा की टॅग लागल्यावर किती सेकंदांत दिवे बंद व्हायला हवेत, ते तपासणार कोण, आणि टॅग चुकला तर पाठलाग सोडायचा की नाही. शेवटचं कलम सगळे विसरतात. चुकलेल्या टॅगनंतर चिडलेला चालक आधीपेक्षा जवळ जातो.

बजेट छोटं असेल तर क्रम असा: हातातला टॅग लाँचर एक-दोन, रात्रपाळीच्या सार्जंटकडे, सरावाचे टॅग भरपूर, पट्ट्या आहेत त्याच, पण मांडणाऱ्याचं प्रशिक्षण वर्षातून दोनदा, ग्रॅपलर फक्त शहरी कमी वेगाच्या पाळीसाठी, एखाद-दुसऱ्या गाडीवर. 35 च्या वर पीआयटी नाही.

विक्रेत्याला यशाची चित्रफीत मागू नका, ती तो न मागताच दाखवतो. वापराच्या सगळ्या नोंदींची यादी मागा, चुकलेल्यांसकट: पाऊस होता का, वेग किती, अंतर किती, कोणत्या जातीची गाडी, चिकटला का, किती मिनिटांनी मागे सरले. अशी यादी द्यायला विक्रेता तयार नसेल तर शेजारच्या ज्या खात्याने संच घेतलाय त्यांच्याकडे नोंदवही मागा, आणि वहीत ‘चुकला’ हा रकानाच नसेल तर त्यांनी ती ठेवलेलीच नाही असं समजा.